ओसाड माळाचा धनी

दक्षिण फ्रान्समध्ये प्रोव्हान्स नावाचा प्रांत आहे. तेथील उन्हाळा कडक, हिवाळ्यातील वारा बोचरा आणि जमीन पुष्कळ ठिकाणी गोट्यांनी भरलेली. जिच्यात नांगराचा फाळ रुतत नाही, जिच्यावर कितीही मेहनत केली तरी पदरी काही पडत नाही आणि पावसानंतर थोडे गवत उगवलेच तर मेंढ्यांना चरण्यासाठी जी मोकळी सोडतात, अशा जमिनीला तेथील लोक ‘हार्मास’ म्हणतात. १८७९ साली सेरिन्याँ नावाच्या खेड्याजवळ असा सुमारे एक हेक्टरचा, म्हणजे अडीच एकरांचा, तुकडा एका पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाने विकत घेतला. त्या जागी पूर्वी कोणी द्राक्षाचे वेल लावले होते. आता तेथे हरळी, काटेरी झुडपे आणि उन्हात तापलेले गोटे एवढेच उरले होते. अशा जमिनीसाठी काटकसरीने साठविलेला पैसा खर्च करणारा मनुष्य शहाणा खास नव्हे, असे कोणालाही वाटले असते.

या गृहस्थाचे नाव झाँ आंरी फाब्र. या माळावर त्यांना गहू पिकवावयाचा नव्हता की द्राक्षेही लावावयाची नव्हती. त्यांना हव्या होत्या तेथे राहणाऱ्या गांधीलमाश्या, रानमधमाश्या, भुंगेरे आणि कोळी. इतरांच्या दृष्टीने जे वैराण, ते या चिमुकल्या जिवांचे गजबजलेले गाव होते. त्या गावात कोणाचाही अडथळा न होता बसावे आणि तेथील रहिवाशांचे जीवन डोळे भरून पाहावे, ही इच्छा फाब्र यांनी कित्येक वर्षे उराशी बाळगली होती. ती पुरी होण्यास पंचावन्नावे वर्ष उजाडावे लागले, याचे कारण दारिद्र्य.

आंरीचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखात, सँ-लेआँ या खेड्यात झाला. धाकटा भाऊ झाल्यावर घरातील खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून आंरीला आजोबांच्या शेतावर पाठविण्यात आले. तेथे गुरे, मेंढ्या आणि चिखल यांच्या संगतीत तो वाढला. शिकविणारे कोणी नव्हते, पण प्रश्न मात्र पुष्कळ होते. एके दिवशी सूर्याचा प्रकाश आपल्याला नक्की कशाने कळतो, तोंडाने की डोळ्यांनी, हे ठरविण्यासाठी या पाच-सहा वर्षांच्या मुलाने सूर्याकडे तोंड करून प्रथम डोळे मिटले व तोंड उघडले. मग तोंड मिटले व डोळे उघडले. सूर्य डोळ्यांनी दिसतो, हा आपला शोध त्याने रात्री घरच्यांना सांगितला. सगळे पोट धरधरून हसले. हसण्यासारखेच होते ते. पण दुसऱ्याच्या सांगण्यावर न विसंबता स्वतः पडताळून पाहण्याची वृत्ती त्या दिवशी प्रथम प्रकट झाली, हे त्या हसणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

सातव्या वर्षी तो गावच्या शाळेत जाऊ लागला. शाळा म्हणजे गुरुजींच्या घरातील एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपण्याची जागा. आणि दार उघडे राहिले की कोंबड्या व डुकराची पिले आत येत. घरी आल्यावर आंरीकडे बदके तळ्यावर नेण्याचे काम असे. बदके पोहत आणि हा मुलगा पाण्यातील गोगलगायी, किडे आणि चकाकणारे दगड खिशात भरी. फाटलेले खिसे पाहून आईबाप चिडत व सारा खजिना फेकून द्यावयास लावीत.

पुढे वडिलांचे कोठेच बस्तान बसेना. कुटुंब गावोगाव हिंडले आणि अखेर आंरीची शाळा सुटली. बोकेरच्या जत्रेत त्याने लिंबे विकली, लोहमार्गाच्या कामावर मजुरी केली. एकदा तर जेवणासाठी राखून ठेवलेल्या पैशांचे त्याने कवितांचे पुस्तक घेतले आणि वाटेवरील मळ्यातील द्राक्षे खाऊन भूक भागविली. आव्हिन्याँ येथील अध्यापक विद्यालयाच्या स्पर्धापरीक्षेला तो बसला, शिष्यवृत्ती मिळाली आणि १८४२ साली वयाच्या अठराव्या वर्षी तो कार्पांत्रास येथे शिक्षक झाला. पगार वर्षाला ७०० फ्रँक. तेवढ्यात दोन वेळचे जेमतेम भागे.

तेथे एक लहानशी गोष्ट घडली. फाब्र विद्यार्थ्यांना जमीनमोजणी शिकविण्यासाठी माळावर नेत. मोजणी चालू असता मुले मध्येच वाकत आणि गोट्यांवर बांधलेली मातीची घरटी फोडून त्यांतील मध काडीने चोखीत. ही घरटी बांधणारी माशी कोणती, हे गुरुजींना माहीत नव्हते. मोजणीचा तास बाजूला राहिला आणि गुरुजी स्वतःच काडी घेऊन बसले. त्या माशीचे नाव शोधण्यासाठी त्यांनी कीटकांवरील एक सचित्र ग्रंथ विकत घेतला. त्याची किंमत एका महिन्याच्या पगाराएवढी होती. तो महिना घरात कसा निघाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

फाब्र यांनी गणित व पदार्थविज्ञान यांच्या पदव्या खाजगी रीतीने, रात्री जागून मिळविल्या. १८४९ साली कॉर्सिका बेटावर त्यांची पदार्थविज्ञानाचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. तेथे मोकँ-तांदाँ या नामांकित निसर्गशास्त्रज्ञाने त्यांच्या घरी एका बशीत पाणी घेऊन, केवळ कात्री व सुया यांच्या साहाय्याने गोगलगाईचे शरीर उलगडून दाखविले आणि गणित सोडून सजीवांकडे वळण्याचा सल्ला दिला. फाब्र यांनी म्हटले तर आयुष्यभरात निसर्गविज्ञानाचा हा एवढाच एक धडा गुरूकडून घेतला. बाकी सारे त्यांनी किड्यांकडून शिकून घेतले.

१८५३ साली ते आव्हिन्याँ येथील विद्यालयात आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या वाचनात लेआँ द्यूफूर या शास्त्रज्ञाचा एक निबंध आला. जमिनीत बीळ करून राहणारी एक गांधीलमाशी चकाकणारे भुंगेरे पकडते आणि पिलांसाठी बिळात साठवून ठेवते. नवल असे की, ते भुंगेरे कित्येक दिवस जसेच्या तसे ताजे राहतात. सडत नाहीत, वाळत नाहीत. माशी त्यांना मारून त्यांच्या अंगात सडणे थांबविणारा रस घालत असावी, असे द्यूफूर यांचे अनुमान होते.

फाब्र यांना ते पटेना. त्यांनी त्याच जातकुळीतील, सोंडकिड्यांची शिकार करणारी माशी शोधून काढली आणि सुटीचे दिवस रस्त्याकडेच्या दरडींपाशी बसून काढले. असेच एकदा ते भल्या पहाटे एका दगडावर बसले होते. द्राक्षतोडणीस निघालेल्या तीन बायकांनी त्यांना पाहिले. सायंकाळी टोपल्या घेऊन त्या परतल्या, तेव्हाही हे गृहस्थ त्याच दगडावर, त्याच जागी नजर लावून बसलेले! बिचाऱ्याचे डोके फिरले आहे असे मानून त्या बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुढे गेल्या.

त्या बसण्याचे फळ मोठे होते. बिळातून काढलेले सोंडकिडे मेलेलेच नव्हते. त्यांची आतडी चालू होती आणि विजेचा सौम्य प्रवाह दिला की त्यांचे पाय हलत. ते केवळ लुळे झालेले होते. माशी त्यांना लुळे कसे करते, हे पाहण्यासाठी फाब्र यांनी शिकार घेऊन येणाऱ्या माशीकडून तिचा सोंडकिडा हळूच काढून घेतला व त्याच्या जागी जिवंत सोंडकिडा ठेवला. माशीने क्षणाचाही विलंब न लावता त्याच्या छातीखालच्या सांध्यात नांगी खुपसली. पायांची हालचाल चालविणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठी नेमक्या तेथेच असतात. किडा जागच्या जागी थिजला. माशीच्या पिलाला ताजे मांस हवे असते. भक्ष्य मेले तर ते सडेल आणि धडधाकट राहिले तर नाजूक अंड्याचा चुराडा करील. या दोन्ही संकटांतून माशीने एका दंशाने मार्ग काढला होता.

महाराष्ट्रात घराच्या भिंतीवर मातीचे घरटे बांधणारी कुंभारीण सर्वांनी पाहिलेली असते. ती घरट्यात अळी कोंडते आणि काही दिवसांनी त्यातून अळीऐवजी कुंभारीणच बाहेर पडते. त्यावरून, अळी भयाने किंवा ध्यासाने कुंभारणीचेच रूप घेते, अशी समजूत फार जुन्या काळापासून रूढ झाली आणि ‘भ्रमर-कीटक न्याय’ हा शब्दप्रयोग भाषेत आला. दृष्टान्त म्हणून तो सुंदर आहे. प्रत्यक्षात मात्र अळीबरोबर त्या घरट्यात माशीचे एक अंडे असते आणि अंड्यातून निघालेले पिलू त्या लुळ्या अळीवरच पोसले जाते. फाब्र यांनी दूर देशी हेच कोडे उलगडले.

हे संशोधन १८५५ साली प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला पारितोषिक दिले. आपल्या ग्रंथात चार्ल्स डार्विन यांनीही फाब्र यांच्या निरीक्षणशक्तीचा गौरव केला. डार्विन यांचा उत्क्रांतिवाद फाब्र यांना अखेरपर्यंत मान्य झाला नाही. त्या बाबतीत काळाने डार्विन यांच्या बाजूने कौल दिला. तथापि मतभेद असूनही दोघांनी एकमेकांचा आदर सोडला नाही.

कीर्ती वाढली, पण पगार वाढला नाही. पैशाच्या चिंतेतून मोकळे होण्यासाठी फाब्र यांनी मंजिष्ठाच्या मुळ्यांपासून शुद्ध तांबडा रंग काढण्याची कृती मोठ्या कष्टाने शोधली. तोच रसायनशाळेत तयार झालेला स्वस्त रंग बाजारात आला आणि ती सारी खटपट मातीमोल झाली. पुढे आव्हिन्याँ येथे मुलींसाठी विज्ञानाचे वर्ग सुरू झाले, तेव्हा फाब्र यांनी त्यांना फुलांत बी कसे धरते हे समजावून सांगितले. मुलींना असे ज्ञान देणे त्या काळच्या सनातनी मंडळींना असह्य वाटले. गावात गवगवा झाला, घरमालकांनी घर सोडावयास लावले आणि फाब्र यांनी नोकरीही सोडली. त्या प्रसंगी आव्हिन्याँजवळ राहणारे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी कसलाही कागद न करता ३,००० फ्रँक दिले. फाब्र कुटुंबासह ओरांज गावी गेले, मुलांसाठी विज्ञानाची सोपी पुस्तके लिहून संसार चालवू लागले आणि ते ऋण त्यांनी फेडले.

याहून मोठा आघात पुढे होता. जूल हा त्यांचा मुलगा बापासारखाच फुलांचा व किड्यांचा वेडा होता. रानात त्याची नजर वडिलांच्या नजरेहूनही तीक्ष्ण ठरे. १८७७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी तो वारला. फाब्र खचले, पुढच्याच वर्षी न्युमोनियाने त्यांना मृत्यूच्या दारापर्यंत नेले. त्यांतून उठल्यावर त्यांनी आपल्या कीटकविषयक ग्रंथाचा पहिला भाग पुरा केला आणि त्यात शास्त्राला नवीन म्हणून वर्णिलेल्या तीन गांधीलमाश्यांना जूलचे नाव दिले.

ओरांजच्या घरासमोर चिनाराच्या जातीच्या उंच झाडांची दुहेरी रांग होती. घरमालकाने एके दिवशी ती तोडून टाकली. त्या झाडांवरील पाखरे व रातकिडे हीच फाब्र यांची सोबत होती. आता तेथे राहणे त्यांना नको झाले. अशा रीतीने १८७९ साली ते सेरिन्याँच्या त्या ओसाड माळावर आले.

घराजवळ त्यांनी थोडी फुलझाडे व भाजीपाला लावला. उरलेला माळ होता तसाच राहू दिला. काटे काढले नाहीत, गोटे वेचले नाहीत. सभोवती कुंपणाची भिंत बांधण्याचे काम चालू असता गवंड्यांनी दगडांचे व वाळूचे ढीग टाकले होते. काम रेंगाळले आणि या ढिगांत वसाहती झाल्या. दगडांच्या फटींत रानमधमाश्या व सरडे राहावयास आले. वाळूत गांधीलमाश्यांनी बिळे केली. कोणी माश्या पकडून आणी, तर कोणी आपल्याहून जड नाकतोडा मिशांना धरून ओढीत नेई. पुढे गवंड्यांनी वाळू उचलली आणि ते सारे शिकारी परागंदा झाले. फाब्र यांना वाईट वाटले. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. या माश्यांना हवी होती ती थोडी मोकळी वाळू. पुन्हा ढीग घातला, तर त्या पुन्हा येणार होत्या.

पालापाचोळ्याच्या एका ढिगाने तर त्यांचे फार जुने कोडे सोडविले. स्कोलिया नावाची मोठी, केसाळ गांधीलमाशी जमिनीत शिरते आणि हुमणीच्या जातीच्या अळ्यांवर अंडी घालते. आव्हिन्याँला असताना ईसार नावाच्या रानात फाब्र यांनी तिच्या मागे कुदळ घेऊन किती खणले होते! हाती फारसे काही लागले नव्हते. वीसहून अधिक वर्षे लोटली आणि हार्मासच्या भिंतीलगतचा कुजका ढीग उपसताना अळ्या व स्कोलियाचे कोश आपोआप समोर आले. मग फाब्र यांनी तासन् तास पाहणी केली. माशीचे पिलू अळीच्या पोटावर ठराविक जागी तोंड खुपसते आणि आतील भाग ठराविक क्रमाने खाते. जिवाला अत्यावश्यक असे भाग अगदी शेवटी. त्यामुळे अळी शेवटपर्यंत जिवंत व ताजी राहते. फाब्र यांनी एका पिलाला हळूच उचलून दुसऱ्या जागी लावले. क्रम चुकला, अळी काळी पडून सडली आणि त्या विषाने पिलूही मेले.

वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. परंतु फाब्र यांनी या माश्यांना क्रूर ठरवून सोडून दिले नाही. त्यांच्या कामाचा शेताशी काय संबंध आहे, हेही त्यांनी पाहिले. रात्री रोपांची मुळे व बुंधे कुरतडणारी एक करडी अळी असते. दिवसा ती मातीत दडून बसते. अभ्यासासाठी ती हवी म्हणून फाब्र, घरातील माणसे आणि बागेत काम करणारा फाव्हिये नावाचा म्हातारा शिपाई असे सारे जण बराच वेळ माती उकरीत राहिले. एकही अळी सापडेना. तेवढ्यात अळीची शिकार करणारी अमोफिला ही सडपातळ माशी मिशांनी जमीन चाचपीत आली. जेथे ती घुटमळे, तेथे फाब्र यांनी सुरीने माती उकरली आणि दर वेळी अळी निघाली! माशी एकेका भागात नांगी टोचून अळीला लुळी कशी करते, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिले. माशी इतकी अचूक दंश करते की ती कधी चुकतच नाही, असे त्यांचे मत झाले होते. नंतरच्या निरीक्षकांना तिच्याही हातून चुका होताना आढळल्या.

कोबीच्या मळ्यात त्यांना याहून लहान माशी भेटली. पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या कोबीची पाने फस्त करतात. डासाएवढी ही माशी आपली पिले त्या अळीच्या पोटातच वाढविते. फाब्र यांनी अळी उघडून पाहिली, तर आतील रसात डझनावारी पिले पोहत होती. पूर्ण वाढ झाली की ती अळीची कातडी भोकसून बाहेर येतात आणि तिच्या शेजारीच पिवळ्या रेशमी कोशांचा झुबका विणतात. अळीचे फुलपाखरू कधीच होत नाही. ही पिवळी बोंडे अळीचीच अंडी समजून चिरडणारा मनुष्य आपल्या मदतनिसांचाच जीव घेत असतो. ही माशी फुलपाखराच्या अंड्यातच आपले अंडे घालते, असे फाब्र यांनी लिहिले. ते बरोबर नव्हते. ती अंड्यातून नुकत्याच निघालेल्या इवल्या अळीच्या अंगात अंडी घालते, हे आता माहीत झाले आहे.

या माशीचा पुढील इतिहास फाब्र यांच्या पुस्तकात नाही, तरी तो येथे सांगण्याजोगा आहे. युरोपातील हे फुलपाखरांचे कुळ अमेरिकेत जाऊन पोहोचले व तेथील कोबी खाऊ लागले. म्हणून १८८३ च्या सुमारास इंग्लंडमधून ही माशी मुद्दाम तेथे नेण्यात आली. तिने कोबी वाचविण्यास साहाय्य केले. परंतु अमेरिकेच्या रानात पूर्वापार राहणारे, कोणाचे काही न बिघडविणारे एक पांढरे फुलपाखरूही तिच्या तावडीत सापडले आणि ईशान्येकडील राज्यांच्या पुष्कळ भागांतून दिसेनासे झाले. प्रोव्हान्सच्या मळ्यात अळी, माशी आणि त्या माशीवरही जगणाऱ्या आणखी बारीक माश्या फार प्राचीन काळापासून एकत्र नांदत होत्या. अमेरिकेतील त्या फुलपाखराची या शत्रूशी गाठ प्रथमच पडली होती.

हार्मासमध्ये फाब्र छत्तीस वर्षे राहिले. १८७९ ते १९०७ या काळात त्यांच्या ग्रंथाचे दहा भाग प्रसिद्ध झाले. ते एका लहानशा टेबलाशी बसून लिहीत. पण टेबलापेक्षा माळावरील गोट्यांवर त्यांचा अधिक वेळ जाई. मेलेल्या किड्यांना टाचण्या टोचून त्यांची नावे पाठ करणे म्हणजे कीटकविज्ञान, असे मानण्याचा तो काळ होता. फाब्र यांनी जिवंत किडा, तोही त्याच्या स्वतःच्या जमिनीत, काम करीत असताना पाहिला. पुस्तके फार खपत नसत आणि उतारवयात पुन्हा ओढगस्त आली. १९१० साली चाहत्यांनी सेरिन्याँ येथे त्यांचा सत्कार केला, तेव्हा कोठे देशाचे लक्ष या म्हाताऱ्याकडे गेले. १९१३ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वँकारे स्वतः भेटीस आले. तोपर्यंत फाब्र यांचे डोळे अधू झाले होते आणि पाय माळावर नेईनासे झाले होते.

११ ऑक्टोबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना सेरिन्याँच्या स्मशानभूमीतच पुरण्यात आले. १९२२ साली फ्रेंच सरकारने हार्मास विकत घेतले व राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या स्वाधीन केले. घरातील ते लहानसे टेबल, किड्यांच्या पेट्या, वाळविलेल्या वनस्पती आणि फाब्र यांनी रंगविलेली अळंब्यांची शेकडो चित्रे जपून ठेवण्यात आली; आणि भिंतीच्या आतील तो अडीच एकरांचा माळही.